मोजणी कोणाची आणि कशासाठी?

दावीद राजाने इस्राएलाची शिरगणती केली आणि तिच्यापायी देशावर मरी आली, हा भाग शब्बाथशाळेत शिकविताना शिक्षक नेहमी अडखळतात. मुले विचारतात, माणसे मोजण्यात कसले आले पाप? गणना नावाचे एक संपूर्ण पुस्तक पवित्र शास्त्रात आहे, आणि तेथे तर मोशेला मोजण्याची आज्ञाच झालेली आहे. शिवाय शंभर मेंढरांच्या दाखल्यातील मेंढपाळ मोजतो म्हणूनच त्याला एक मेंढरू कमी असल्याचे समजते. त्याने मोजले नसते तर हरवलेले हरवलेलेच राहिले असते. मग एकच कृती एका ठिकाणी अपराध आणि दुसऱ्या ठिकाणी प्रीती कशी ठरावी?

आपण उपदेशक मंडळी बहुधा या प्रश्नातून एका वाक्यात सुटका करून घेतो, की दाविदाला गर्व झाला होता. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. मोजणीत गर्व कोठून शिरतो आणि कशा प्रकारची मोजणी त्यापासून दूर राहते, हे त्यावरून कळत नाही. म्हणून आज आम्ही एका निराळ्याच मोजणीकडे वाचकांचे लक्ष वेधणार आहोत. ती माणसांची नाही, मेंढरांचीही नाही. समुद्रातून नव्याने वर काढलेल्या जमिनीवर कोणकोणते किडे, कोळी व भुंगेरे येऊन राहिले, त्यांची ती मोजणी आहे. वाचकांनी नाक मुरडू नये. शलमोनाच्या ज्ञानाचे वर्णन करताना शास्त्राने लबानोनच्या गंधसरूबरोबर सरपटणाऱ्या जीवांचाही उल्लेख केला आहे, आणि मुंगीकडे जाण्याचा सल्ला तर आपण मुलांना नेहमीच देतो.

हॉलंड हा देश समुद्राशी भांडून जमीन मिळवितो, हे शाळेच्या भूगोलात सर्वांनीच वाचले आहे. उथळ समुद्राभोवती बांध घालावयाचा, आतले पाणी पंपांनी उपसून टाकावयाचे, आणि तळाचा जो चिखल उघडा पडेल त्याची जमीन करावयाची, अशी त्यांची रीत. अशा जमिनीला ते पोल्डर म्हणतात. १९३२ साली बत्तीस किलोमीटर लांबीचा बांध घालून त्यांनी झायडरझे नावाची मोठी खाडी समुद्रापासून तोडली आणि पुढे तिच्या पोटात १९४२, १९५७ व १९६८ या साली एकापाठोपाठ एक मोठाले पोल्डर कोरडे केले. उत्तर किनाऱ्यावर लाउवर्सझे नावाची एक लहान खाडी होती. १९५३ साली समुद्र देशात शिरून फार मोठा अनर्थ झाला. त्यानंतर किनारा सुरक्षित करण्याच्या कामात २५ मे १९६९ रोजी ही खाडीही बंद झाली आणि तिचा सुमारे नऊ हजार हेक्टरांचा भाग समुद्रापासून वेगळा झाला.

जग देवाने केले पण हॉलंड डच लोकांनी केले, अशी एक म्हण आहे. तिच्यातील विनोद सोडून देऊ. डच लोकांनी जमीन केली हे खरे, विमानातून बोरूचे बी पेरून चिखल आवळून आणला हेही खरे. परंतु त्या चिखलावरून धावणारे भुंगेरे काही त्यांनी आणून सोडले नाहीत. ते आपले आपण आले. कोण आला, केव्हा आला, कोणत्या वाटेने आला आणि कोण आलाच नाही, हे पाहण्याचे काम काही प्राणिशास्त्रज्ञांनी आपल्या अंगावर घेतले. हेक यांनी झायडरझेच्या पोल्डरांतील भुंगेऱ्यांविषयी १९७१ साली लिहिले. मेइयर यांनी लाउवर्सझेच्या नव्या जमिनीवरील भुंगेऱ्यांची हकीगत १९७४ साली आणि कोळ्यांची १९७७ साली प्रसिद्ध केली.

या मोजणीचे साधन अगदी साधे आहे. एक भांडे जमिनीत असे पुरावयाचे की त्याचा काठ मातीशी बरोबर सपाट यावा. रात्री चालणारा भुंगेरा काठावर येतो आणि आत पडतो. वर पावसाकरिता लहानसे छप्पर, आत जीव कुजू नये म्हणून थोडे औषधी पाणी. ठरलेल्या दिवशी जावयाचे, भांडे रिकामे करावयाचे, सापडलेला एकेक जीव भिंगाखाली ओळखून वहीत लिहावयाचा, आणि भांडे पुन्हा त्याच जागी ठेवावयाचे. उडत येणाऱ्यांसाठी काचेचे उभे तावदान असते. उडता भुंगेरा त्यावर आपटून खालच्या पन्हाळीत पडतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भांड्यात दहा भुंगेरे सापडले म्हणजे त्या रानात दहाच आहेत असे नव्हे. दहा जण चालत त्या काठापर्यंत आले, इतकेच त्याने कळते. थंडीत ते कमी चालतात, उघड्या मातीवर अधिक चालतात, दाट गवतात अडखळतात. म्हणून एका दिवसाच्या आकड्याला किंमत फार थोडी. तीच जागा, तेच भांडे, तोच वार, असे वर्षानुवर्षे चालले तरच आकडे बोलू लागतात.

आणि ते काय बोलले? कोळी फार लवकर आले. लहान कोळी उंच काडीवर चढतो, सुताचा धागा वाऱ्यावर सोडतो आणि धाग्यासह उडून जातो. १८३२ साली डार्विन ज्या जहाजावर होता त्याच्या दोरखंडांवर, किनारा साठ मैल दूर असताना, असे असंख्य कोळी उतरले होते. १८८३ साली क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटून त्या बेटावरील जीवसृष्टी राखेखाली गाडली गेली. नऊ महिन्यांनी तेथे गेलेल्या कोटो नावाच्या फ्रेंच प्रवाशाला पुष्कळ शोध केल्यावर जो एकुलता एक जीव आढळला, तो जाळे विणीत बसलेला बारीकसा कोळी होता. खाण्यास माशी नाही, आणि जाळे तयार!

कोळ्यांप्रमाणेच पंखवाले भुंगेरेही लवकर येतात. खाऱ्या चिखलावर आधी खारे सोसणाऱ्या जाती दिसतात; पावसाने मीठ धुऊन निघाले की त्या मागे हटतात आणि दुसऱ्या जाती त्यांची जागा घेतात. काही जातींत तर एकाच जातीच्या काही भुंगेऱ्यांना पुरते पंख असतात आणि काहींना आखूड, उडता न येण्याजोगे. नव्या जमिनीवर प्रथम पुरत्या पंखांचेच अधिक असतात, कारण इतरांना तेथवर पोचताच येत नाही. पण वस्ती जुनी होत गेली की पिढ्यांमागून पिढ्या आखूड पंखांचे प्रमाण वाढत जाते. जो राहिला त्याला पंखांचे काम उरले नाही. (सदर्न मराठा रेल्वेच्या दिवसांत नोकरीनिमित्त धारवाड-हुबळीस आलेल्या मराठी घराण्यांचे नातू आज घरातही अर्धे कानडी बोलतात, ते आम्हाला येथे आठवले, पण माणसाची गोष्ट भुंगेऱ्यावरून फार ताणू नये.) सर्वांत मागून येतात ते मुळीच न उडणारे. ते बांधाच्या कडेकडेने, झाडीच्या पट्ट्यापट्ट्याने चालत येतात, आणि मध्ये रुंद पाणी किंवा रस्ता आला तर थांबतात. त्यांची वाट पाहणाऱ्या माणसाला आपल्या आयुष्यातील पुष्कळ वर्षे खर्च करावी लागतात.

हे सारे परदेशातले आहे असे कोणी म्हणू नये. पाण्यातून जमीन काढण्याचे काम आपल्या लोकांनीही पुष्कळ केले आहे. मुंबई शहर सात बेटांमधील पाणी बुजवून झाले. गोव्यात खाजण जमिनी आहेत. भरतीचे पाणी मातीच्या बांधांनी अडवून आणि मानशीच्या दारांनी आत-बाहेर सोडून तेथे पिढ्यानपिढ्या भात पिकविले. त्या बांधाला खेकडे भोके पाडतात, आणि ती वेळेवर बुजविली नाहीत तर खारे पाणी शेतात शिरते. तेव्हा मातीत राहणाऱ्या बारक्या जिवावर नजर ठेवणे हे तेथे गावकीचे कामच होते, जरी त्याला कोणी शास्त्र म्हटले नाही. मुंबईत मिठी नदीच्या काठी, जेथे शहराचा कचरा पडत असे, तेथे सुमारे सदतीस एकरांवर झाडे लावून १९९४ साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुले झाले. हौशी मंडळी तेथे पक्षी व फुलपाखरे आवडीने टिपतात. पक्षी मान वर केली की दिसतो. भुंगेऱ्यासाठी गुडघे टेकावे लागतात, आणि त्याला तयार होणारे थोडे. आणि आमच्या हुबळी-धारवाडाचे काय? जुनी तळी बुजवून त्यांवर आम्ही पटांगणे केली, घरे केली. तळ्याच्या काळ्या गाळात काय होते व मुरमाच्या भरावावर पुढे काय आले, हे वाकून पाहण्याची सवड कोणाला होती!

आता ज्या कारणाने हा विषय आमच्या मनात आला, ते सांगतो. आमच्या जोडशहरातील एका मंडळीच्या आवारात सखल भागावर नुकतीच भर घातली. शब्बाथशाळेतील काही मुलांना त्यांच्या शाळेत विज्ञानाचा उपक्रम करावयाचा होता. त्यांनी त्या भरावात प्लास्टिकचे पेले पुरले आणि आत साबणाचे पाणी घातले. मृगाचा पाऊस झाला होता. सकाळी पाहतात तो दोन वाणी, बरेच मुंगळे, एक काळा भुंगेरा, आणि मुले काड्यापेटीत घालून ज्याला सांभाळतात तो मखमली तांबडा मृगाचा किडा, सारे मेलेले. एका मुलीने शिक्षिकाबाईंना विचारले, “बाई, मोजायचे म्हणून मारले, तर ते पाप नाही का?” बाईंनी हा प्रश्न आमच्याकडे पाठविला आहे.

तो ‘किडेच ते’ असे म्हणून टाळता येण्यासारखा नाही. मोठ्यांना लाज वाटावी असा आहे. आमच्या परिचयाचे एक जैन गृहस्थ आहेत. त्यांच्यापुढे आम्ही तो ठेवला. ते म्हणाले, “तुम्ही विचारता मोजावे की नाही. आम्ही आधी विचारतो, पाऊल टाकावे की नाही.” त्यांच्या घरी दिवे लागण्यापूर्वी जेवणे होतात, ती याच विचाराने. या उत्तराचा मान राखूनही आम्हाला असे वाटते की ते पुरे पडत नाही. आमच्या दोन गावांमधला रस्ता रुंद झाला तेव्हा पाडावयाची झाडे तरी कोणी मोजली. त्या झाडांच्या मुळांखाली काय मेले त्याची गणती नाही. पाया खणताना, तळे बुजविताना, शेतात औषध फवारताना जे मरतात त्यांच्यापुढे पेल्यातील मेलेले मूठभरही नाहीत. ज्याला कोणी पाहिले नाही त्याचे मरण कोणाच्या मनाला लागत नाही. त्या मुलीला वाईट वाटले, कारण तिने पेल्यात डोकावून पाहिले.

तरीसुद्धा, दुसरे अधिक मारतात हे आपल्या मारण्याचे समर्थन होऊ शकत नाही. आणि मेंढपाळाची उपमा येथे जशीच्या तशी लावली तर ती खोटी होईल, कारण मेंढपाळ मोजण्यासाठी मेंढरू मारीत नाही. हा अडथळा प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे.

मग आपण दाविदाकडे परत जाऊ. यवाब आणि सरदार नऊ महिने वीस दिवस देशभर हिंडले आणि त्यांनी राजाला एक बेरीज आणून दिली, तरवार चालविणारे इतके. बायका, मुले, म्हातारे त्या बेरजेत नव्हते. राजाचा प्रश्न ‘माझ्या हाताखाली किती?’ एवढाच होता, आणि असा प्रश्न विचारणारा बेरीज मिळाली की थांबतो. मेंढपाळाचा प्रश्न ‘कोण नाही?’ असा आहे. त्याला बेरजेचे समाधान नाही. नव्व्याण्णव हा आकडा काही लहान नव्हे, पण त्याला तो रुखरुख लावतो. शिवाय आज मोजले म्हणून उद्या त्याची सुटका होत नाही. आमच्या मते दोन मोजण्यांमधील भेद येथे आहे, आणि त्यात मोजणाऱ्याच्या मनाचाच नव्हे तर त्याच्या वहीचाही संबंध येतो. ज्या वहीत शून्यही लिहिले जाते, जी आपल्याला न आवडणारा आकडाही ठेवते, ती एका प्रकारची वही. मंडळीच्या वार्षिक अहवालात उपस्थिती मोठी दिसावी म्हणून नाताळाच्या रविवारचा आकडा घालणारी, ती दुसऱ्या प्रकारची. वाचक समजून घेतील.

नव्या जमिनीवर भुंगेरे मोजणारे पहिल्या प्रकारचे होते काय? होते, असे त्यांच्या कामावरून म्हणावे लागते. शेताला उपयोगी तेवढेच त्यांनी मोजले नाहीत. काही भुंगेरे मावा व गोगलगायी खातात, तणांचे बी खातात, आणि शेतकऱ्याचे मित्र आहेत. पण ज्यांचा कोणालाच उपयोग नाही तेही त्याच वहीत, त्याच अक्षरात आले. न आलेल्यांचीही नोंद झाली. आणि ते परत परत त्याच जागी गेले.

हे काम किती लांबवर जाऊ शकते याचे उदाहरण त्याच देशात आहे. ड्रेन्थे प्रांतात वेइस्टर येथे डेन बूर या शास्त्रज्ञाने १९५९ साली माळरानावर अशी भांडी पुरून आठवड्याच्या आठवड्याला रिकामी करण्यास आरंभ केला. ती जमीन नवी नव्हती, पण पद्धत तीच. त्याचा प्रश्न होता की एखादी जात वर्षानुवर्षे कशी टिकून राहते. त्याला असे दिसले की ती एका ठिकाणी टिकतच नाही. लहान लहान गटांत विखुरलेली असते, एक गट नाहीसा होतो तर दुसऱ्यातून काही जण तेथे येतात, आणि सर्वांवर एकदम संकट येत नाही म्हणून जात जगते. मात्र ज्यांना उडता येत नाही त्यांच्यामध्ये शेते आणि रस्ते आले की रिकामा झालेला तुकडा पुन्हा भरत नाही. (आमच्या विखुरलेल्या लहान मंडळ्यांचा विचार येथे मनात आल्याशिवाय राहत नाही, पण तो लेख वेगळा.) पोल्डरातील भुंगेऱ्यांच्या पंखांचा हिशोब आणि माळावरील भुंगेऱ्यांच्या जगण्याचा हिशोब असा एकमेकांना येऊन मिळाला.

डेन बूरनंतरही ती भांडी इतरांनी चालू ठेवली. २०२० साली त्या वह्यांतील १९८५ ते २०१६ पर्यंतचे आकडे दुसऱ्या अभ्यासकांनी काढून पाहिले, तेव्हा भुंगेऱ्यांची संख्या दर वर्षी सरासरी ४.३ टक्क्यांनी घटत आल्याचे दिसले. अशी घट चालली तर सोळा वर्षांत निम्मेच उरतात. संरक्षित माळरान, तेथे कोणी फवारणी केली नव्हती, आणि तरी हे. १९५९ साली हा प्रश्न कोणी विचारलेलाही नव्हता. वही होती म्हणून तो विचारता आला आणि म्हणूनच त्याला उत्तर मिळाले.

त्या भांड्यांत जे मेले, त्यांच्या मरणाचे ओझे त्यामुळे नाहीसे झाले काय? आम्ही तसे म्हणणार नाही. आम्ही इतकेच म्हणू की हे ओझे तीन अटींवर उचलता येते. प्रश्न खरा असावा, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक नसावे. ते उत्तर मिळविण्याची सौम्य वाट उपलब्ध नसावी. पुष्कळ भुंगेरे भिंगाखाली धरल्यावाचून एकमेकांपासून ओळखता येत नाहीत, आणि जिवंत, धावत्या भुंगेऱ्याला भिंगाखाली धरणे कठीण, ही शास्त्रज्ञाची खरी अडचण आहे. तिसरी अट सर्वांत अवघड. जे मारून मिळविले ते टाकून देऊ नये. दोन महिने पेले पुरावयाचे, शाळेत चित्रांचा तक्ता लावून बक्षीस घ्यावयाचे, आणि आकडे रद्दीत घालावयाचे, हे आमच्या मते त्या भुंगेऱ्यांचा अपमान करणे होय. दाविदाच्या मोजणीचे ते धाकटे भावंड आहे.

तेव्हा शिक्षिकाबाईंनी त्या मुलीला असे सांगावे की तिचा प्रश्न बरोबर आहे, आणि या आवारापुरते तरी मारण्याचे कारण नाही. मुलांना जातींची लॅटिन नावे लावावयाची नाहीत; वाणी, गोम, मुंगळा, कोळी, भुंगेरा, गांडूळ एवढे ओळखले तरी पुष्कळ. म्हणून पेला कोरडा ठेवावा. तळाशी थोडा सुका पाला घालावा, म्हणजे पडलेल्यांना एकमेकांपासून लपता येईल. नाहीतर कोळी व भुंगेरे रात्रीतच इतरांना खाऊन टाकतील. पावसाचे पाणी साचू नये म्हणून तीन खड्यांवर एक कौल ठेवावे. संध्याकाळी पुरावा आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी पाहावा. गोम व विंचू असतील म्हणून हात न घालता पांढऱ्या ताटलीत ओतावा. मोजून झाले की सर्वांना तेथून दहा पावलांवर झाडाच्या सावलीत सोडावे. मोजणी नसेल त्या दिवशी पेल्यावर झाकण लावावे. एक पेला भरावात आणि एक कुंपणापलीकडच्या जुन्या मातीत असावा, म्हणजे कोण आले व कोण अजून आले नाही हे ताडून पाहता येईल. महिन्यातून एक ठरलेला दिवस पुरे, पण तो चुकवू नये, परीक्षेच्या दिवसांतही.

वही साधी, पण जाड पुठ्ठ्याची घ्यावी आणि ती कोणा मुलाच्या घरी न ठेवता शब्बाथशाळेच्या कपाटात ठेवावी, कारण हा वर्ग दोन-तीन वर्षांनी मोठा होऊन निघून जाईल आणि वही पुढच्या वर्गाच्या हाती जावयाची आहे. पहिल्या पानावर भर कोणत्या महिन्यात घातली, मुरूम किती व काळी माती किती, आणि पेल्यांची जागा कोणत्या झाडापासून किती पावलांवर आहे, हे लिहावे. त्याखाली त्या पहिल्या सकाळी मेलेल्यांची यादी, कोणीही न वगळता. मग तारीख, पाऊस होता की नव्हता, आणि आकडे. पेला रिकामा निघाला तर त्या तारखेपुढे शून्य लिहावे.